वेड्या बाभळीचा धूर

राइट टाउनातल्या अनुपमच्या बंगल्यासमोर ऑटोतून गोवऱ्यांचं पोतं उतरवलं, तेव्हाच पुंडलिक ठवकरचं डोकं सटकलं. काहून? तर अनुपम लॉनवर हाफपँटीत उभा राहून म्हणाला, "काका, आज ना, धूर जरा जास्त ठेवा. सगळं स्मोकी पाहिजे. थीमच आहे आज."

"काय आहे?"

"थीम."

पुंडलिकनं पोतं जमिनीवर टेकवलं आणि मागं पाहिलं. मागं त्याची पोरगी वैभवी स्कूटी स्टँडवर लावून राहिली होती. तिनं डोळ्यांनीच सांगितलं, गप बसा. तो गप बसला. आता पुंडलिक गप बसला म्हणजे तोंडानं बसला. आतून त्याचं बोलणं चालूच असते, आणि आतलं बोलणं बाहेर आलं तर जबलपुरात त्याला एक ऑर्डर मिळणार नाही.

रोडगे करणाऱ्या माणसाला धूर जास्त ठेव म्हणणं म्हणजे शिंप्याला सांगणं, भाऊ, जरा उसवलेलं शिव. धूर म्हणजे कच्ची आग. पुंडलिकनं रांझीच्या कारखान्याच्या कॅन्टीनात तीस वर्षं भट्टी सांभाळली, आणि रिटायर झाल्यावर हा रोडग्यांचा धंदा. गोवऱ्या रचायच्या, पेटवायच्या, ज्वाळ मरू द्यायची, मग धूर मरू द्यायचा. वरून पांढरी राख, आतून लाल. वर हात धरला की पाचपर्यंत मोजता आलं पाहिजे, सहापर्यंत नाही. मग कणकेचे गोळे त्यात पुरायचे. गोळा कसा, तर चार छोट्या पुऱ्या तेल लावून एकावर एक, वरून पाचवीनं बंद. भाजून फोडला की कांद्यासारखे पदर सुटले पाहिजेत. आणि धुराचा वास आला तर तो रोडगा गाईला. इथले हिंदीवाले त्याला गक्कड म्हणतात. गक्कड वेगळं, रोडगा वेगळा, पण त्या भांडणात पुंडलिक आता पडत नाही. माणसाचं वय होते.

"किती लोक?" त्यानं विचारलं.

"सहा. छोटीशी गॅदरिंग. माझ्या मेव्हण्यानं अमेरिकेतून सिंगल माल्ट आणली आहे काका. धुरावाली. लाकडाच्या धुरावर जवस वाळवतात."

"जवस नाही, जव," आतून त्याची बायको सुखदा ओरडली.

"जव, जव. तर ती टेस्ट करायची, आणि सोबत तुमचं खाणं. धूर विथ धूर."

पुंडलिकनं हो म्हटलं आणि लॉनच्या कोपऱ्यात विटा मांडायला गेला. दारूचं नाव निघालं तेव्हा वैभवी कणकेचं भगुणं उचलून स्वयंपाकघराकडे चालली होती. ती दारात थांबली. वळली नाही. फक्त थांबली, आणि मग आत गेली. पुंडलिकला ते थांबणं बरोबर ऐकू आलं.

ते काहून, ते सांगितलं पाहिजे. पुंडलिक पिणारा होता. शनिवारी मित्रांसोबत दोन घोट घेणारा नाही, पिणारा. रिछाईच्या पलीकडे नाल्याच्या काठावर एक हातभट्टी होती, मोहाची काढत. कॅन्टीनातून सुटला की तो तिकडं. वैभवीच्या बारावीच्या वर्षी, फिजिक्सच्या पेपरला तिला सोडतो म्हणाला, सकाळी सायकल घेऊन आधी एकटाच भट्टीवर गेला, आणि परतताना नाल्यात पडून राहिला. पोरगी दारात प्रवेशपत्र हातात धरून साडेनऊपर्यंत उभी. तिचं वर्ष गेलं. ती वर्ध्याला मामाकडे निघून गेली आणि दीड वर्ष आली नाही. शेवटी पुंडलिक तिथं गेला, मामाच्या अंगणात चार माणसांसमोर बोलला की आता थेंब ओठाला लावणार नाही. पोरगी म्हणाली, ठीक आहे, येते. पण ज्या दिवशी ओठाला लागली, त्या दिवशी मी परत इथं. तुमच्याशी भांडणार नाही, रडणार नाही. बॅग भरीन आणि जाईन.

तिनं ते एकदाच म्हटलं. नऊ वर्षं झाली. ह्या नऊ वर्षांत तिनं नोकरी सोडून बापाचा धंदा उभा केला. फोन ती घेते, वरण ती करते, लोकांच्या मोबाइलवर रोडग्यांचे फोटो ती पाठवते. पुंडलिक फक्त आग पाहतो. ती गेली तर घरात तो, त्याची बायको बेबीताई आणि गोवऱ्यांचं पोतं एवढंच उरणार, आणि बेबीताईही राहील की नाही त्याची खात्री नाही.

तर असं.

साडेअकराला आग बरोबर रंगावर येऊन राहिली होती. ज्वाळ बसली होती, धुराची शेवटची बारीक रेघ चालली होती, तितक्यात अनुपम एक रंगीत पाकीट घेऊन आला आणि पुंडलिकला कळायच्या आत दोन मुठी लाकडाचे तुकडे आगीवर फेकले. भसकन पिवळा धूर उठला.

"हे काय टाकलं भैया?"

"चिप्स. स्मोकिंग चिप्स. ऑनलाइन मागवले, भिजवून ठेवले होते रात्रभर."

"भिजवून?"

"हां, म्हणजे धूर जास्त होतो."

पुंडलिकनं चिमटा घेतला आणि एक एक तुकडा उचलून मातीत टाकायला लागला. अनुपम पाहत राहिला. पुंडलिकच्या आत जे चाललं होतं ते असं: चाळीस वर्षाचा बैल. पुण्याला कंपनीत कामाला होता, आता घरी बसून काम करते, आणि घरी बसून दाढी वाढवली. ओलं लाकूड पैसे देऊन विकत आणते. आमच्या आईनं पावसात ओलं लाकूड फुंकता फुंकता डोळे घालवले, आणि हा ते पाकिटात मागवते.

"काका, थोडे तरी राहू द्या ना."

"भैया, रोडगे कडू होतील. मग मले म्हणान."

"कडू नाही हो, स्मोकी."

"हाव. तेच."

अनुपम हसला. त्याला वाटलं काका मजाक करून राहिले.

बाराला पाहुणे आले. पेरूच्या झाडाखाली टेबल लावलं होतं. त्यावर ग्लास असे की पोट सुटलेलं आणि गळा आवळलेला. त्यात कोणाचं नाक जाईल तर तोंड जाणार नाही. बाजूला एक ड्रॉपर, लहान पोराच्या कानात औषध टाकतात तसा. बिनमिठाची बिस्किटं. एकेक छापील कागद आणि पेन्सिल. आणि मधोमध पितळी लोटा, घासून चकाचक. पुंडलिकला वाटलं हात धुवायला असेल.

मग ते सुरू झालं.

गौरांग नावाचा एक जाडसर माणूस होता, बँकेत मोठा साहेब म्हणे. त्यानं बाटलीतून अर्धा बोटभर ओतून घेतली आणि ग्लास सूर्याकडे धरला. मग हलवला. मग डोळे मिटून नाक आत घातलं आणि इतका वेळ ठेवलं की पुंडलिकला वाटलं माणूस झोपला. मग घोट घेतला, गुळण्या केल्यासारखं तोंडात फिरवलं, आणि चकाचक पितळी लोट्यात पचकन थुंकला.

पुंडलिकच्या हातातला चिमटा तसाच राहिला.

"मला लेदर येऊन राहिलंय," गौरांग म्हणाला. "जुनं लेदर. सॅडल टाइप."

"मला गूळ लागला," सुखदा म्हणाली. "गूळ आणि थोडं हॉस्पिटल."

"कॅम्पफायर. डेफिनिटली कॅम्पफायर."

आणि सगळे पेन्सिलीनं लिहायला लागले. शाळेत बसवल्यासारखे.

वैभवी भाजलेली वांगी न्यायला आली होती. पुंडलिक तिच्या कानाशी वाकला. "चामडं म्हणून राहिला तो. लहानपणी चपला चोखत होता काय?"

"बाबा."

"थुंकून राहिले, पाह्य. विकत आणते, विमानानं आणते, अन् थुंकते. देवाच्या लोट्यात."

"आपल्याला काय करायचं? वांगी द्या."

"मी जिंदगीत दारू थुंकली नाई."

"माहीत आहे," वैभवी म्हणाली, आणि वांगी घेऊन आत गेली.

ते तिनं साधंच म्हटलं, पण पुंडलिकला चटका लागला. खरं होतं. त्यानं कधी दारू थुंकली नाही. दारूनं त्याला थुंकलं, ती गोष्ट वेगळी.

त्यानं रोडगे राखेत पुरले आणि वरून निखारे सारले. आणि तेव्हाच वारा फिरला. इतका वेळ तो बंगल्याच्या भिंतीकडे जात होता, आता टेबलाकडून कोपऱ्याकडे आला. गोवरीच्या वासातून एक दुसरा वास पुंडलिकच्या नाकात शिरला, आणि त्याचा हात थांबला.

तो वास त्याला ओळखीचा होता. दारूचा नाही, दारूचा तर होताच. त्याच्या मागचा. ज्या लाकडावर ती झाली त्या लाकडाचा. गोडसर, आणि गोडाच्या मागं डोळ्यांत जाणारा, डांबरासारखा. रिछाईपलीकडच्या भट्टीखाली हेच लाकूड जळत होतं. तिथं काठावर त्याचं रानच माजलेलं, फुकटचं. संध्याकाळी पुलावरून सायकल उतरली की दारू दिसायच्या आधी हा धूर दिसायचा, आणि पुंडलिकच्या पायातलं ओझं उतरून जायचं. नऊ वर्षांत त्याला कोणी हा वास दिला नव्हता.

त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. त्याला स्वतःचा राग आला, आणि राग आला की तो नेहमी जे करते तेच केलं. दुसऱ्यावर काढला.

"भैया," तो टेबलाकडे पाहून मोठ्यानं म्हणाला, "ते चामडं नोय. कॅम्प अन् फायर पण नोय. वेडी बाभूळ आहे ते."

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"क्या बोले काका?" गौरांग म्हणाला.

"लाकूड. ज्याच्या धुराची तुमची दारू आहे. वेडी बाभूळ."

गौरांग हसला. "काका, ये अमेरिका का है. तिथं कुठून बाभूळ?"

अनुपमनं बाटली उचलून मागचा कागद वाचला. "मेस्किट लिहिलंय. मेस्किट वुड." त्यानं मोबाइल काढला, बोटानं वर-खाली केलं, आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलला. त्यानं मोबाइल सुखदाला दाखवला, सुखदानं गौरांगला. काटे, बारीक पानं, पिवळ्या शेंगा. खाली लिहिलं होतं की आपल्याकडची विलायती बाभूळ ह्याच खानदानातली.

"अरे यार," अनुपम म्हणाला. "काका, ही तीच?"

पुंडलिकनं लांबूनच पाहिलं. "सख्खी बहीण दिसते."

आणि त्या सहा लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. एक बाई तर उठून उभी राहून. पुंडलिकच्या आयुष्यात त्याच्या नाकासाठी कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. त्याला तिरस्कार वाटायला पाहिजे होता आणि वाटलाच, पण सोबत मान थोडी ताठ झाली. मग तो सुटला.

"बकरी पान तोंडात घेत नाई त्याचं. उपटलं तर दुप्पट उगवते. दरवर्षी जेसीबी लावून काढते, दरवर्षी परत. ज्याच्या घरी काहीच जाळायला नाई तो ते जाळते, अन् घरात बसता येत नाई इतकं डोळ्यात जाते. अन् ते तुम्ही अमेरिकेहून बाटलीत भरून आणलं! इथून एक ऑटो पाठवला असता तर मी ट्रॉलीभर आणून देलं असतं. वरून पेन्सिली घेऊन बसले."

ते सगळे हसून राहिले. जितका तो शिव्या देत होता तितके ते खूश. गौरांगनं तर मोबाइल त्याच्याकडे धरला होता. हेच पुंडलिकला सोसत नाही. माणसाला शिवी दिली तर ती लागली पाहिजे. ह्या लोकांना शिवीपण चव म्हणून लागते.

अनुपम ग्लास घेऊन आगीजवळ आला. "काका, नाकानं एवढं सांगितलं, आता एक सिप. मला ऐकायचंय तुम्ही काय म्हणता."

"मी घेत नाई."

"गिळू नका ना. आम्ही कुठं गिळून राहिलो? तोंडात फिरवायची, थुंकायची. ते पिणं नाहीच."

"नको भैया. बोललो आहे मी एका जागी."

अनुपम समजदार होता तेवढा. त्यानं ग्लास मागं घेतला. पण मागून गौरांग म्हणाला, आणि वाईट मनानं नाही, सहज म्हणाला, "अरे जाने दो यार. देसी पिणारे लोक हे. ही वेगळी चीज आहे, काकांना कळणार नाही."

कळणार नाही!

आता पुंडलिकनं त्या घडीला काय विचार केला, ते नीट सांगतो, कारण तो नंतर स्वतःला पुष्कळदा विचारत राहिला. प्यावंसं वाटलं म्हणून त्यानं घेतली नाही. निदान तेव्हा त्याला तसं वाटलं नाही. त्याला वाटलं, एकदा तोंडात घेतो, आणि ह्या ढेरपोट्याच्या तोंडावर सांगतो की तुझी ही अमेरिकेची राणी आमच्या नाल्यावरच्या मोहाच्या पायाशी बसायच्या लायकीची नाही. मग थुंकतो. थुंकलेल्या दारूनं कोणाची शपथ मोडते? स्वयंपाकघरात वैभवी वरणाला फोडणी देत होती, तडतड ऐकू येत होती. अर्ध्या मिनिटाचं काम.

"आणा," तो म्हणाला.

ग्लास हलका होता, हातात काही नाही असा. त्यानं हुंगलं नाही, हलवलं नाही. सरळ तोंडात.

आधी जिभेला चरका. तो अपेक्षितच होता. पुंडलिक शब्द जुळवायला लागला, कोणती शिवी आधी द्यायची. मग चरका सरला आणि खालून काकवीसारखं गोड आलं, दाट. आणि त्याच्या मागून, सगळ्यात शेवटी, घाई न करता, धूर आला. पण तो धूर पुंडलिकच्या ओळखीचा नव्हता. लाकूड तेच, वेडी बाभूळ, पण डोळ्यांत जाणारी नाही. कोणीतरी ती आग रात्रभर जवळ बसून पाहिली होती. ज्वाळ मरू दिली होती. जिथं घाई करायची तिथं केली नव्हती. ह्याच्यात धूर मेलेला नव्हता, मुरलेला होता. असं करता येते, हे पुंडलिकला साठ वर्षात माहीत नव्हतं. अमेरिकेत कुठंतरी कोणीतरी एक माणूस होता ज्याला आग कळत होती, बहुतेक पुंडलिकपेक्षा जरा जास्तच.

तोंड भरून तो उभा राहिला. किती वेळ ते त्याला कळलं नाही. सहा लोक पाहून राहिले होते. आणि घसा, जो नऊ वर्षं गप बसला होता, त्यानं पुंडलिकला न विचारता एकदा आवंढा गिळला.

तो दचकला आणि उरलेली सगळी आगीत थुंकला. भक्कन निळी-पिवळी ज्वाळ उठली. टेबलावरून "ओहो!" झालं.

"कशी काका? सांगा ना!"

पुंडलिकनं तोंड पुसलं. "फालतू," तो म्हणाला. "एकदम फालतू. कुत्रं पिणार नाई."

हशा झाला, पुन्हा टाळ्या. आणि त्या टाळ्यांमधून पुंडलिकनं स्वयंपाकघराच्या पायरीकडे पाहिलं. तिथं वैभवी वरणाचं भगुणं दोन्ही हातांनी धरून उभी होती. फोडणीची तडतड केव्हाची थांबली होती.

तिनं भगुणं पायरीवर नीट ठेवलं. वर झाकण ठेवलं. ओढणीला हात पुसले, पर्समधून किल्ली काढली आणि फाटकाकडे चालायला लागली. ओरडली नाही. नऊ वर्षांपूर्वी म्हणाली होती तसंच.

पुंडलिक चिमटा टाकून मागं पळाला. फाटकाबाहेर गाठलं तेव्हा ती स्कूटी स्टँडवरून काढून राहिली होती.

"थुंकली मी. वैभवी. तू पाहिलं ना, थुंकली."

"मी काही विचारलं का?"

"ते लोक म्हणाले की कळणार नाई, म्हणून फक्त—"

"बाबा, हे सगळं ऐकलेलं आहे मी. हुंगली फक्त. कपड्यावर सांडली होती. दुसऱ्याचा ग्लास धरला होता. आता थुंकली. ठीक आहे." तिचा आवाज सपाट होता. "ऑर्डर तुम्ही संपवा. वरण झालंय. तूप डब्यात आहे."

तिनं किल्ली लावली. पुंडलिकनं हँडल धरलं, मग सोडून दिलं. हँडल धरायचा हक्क कुठून आणायचा? तो तिथंच उभा राहिला, राखेनं भरलेले हात लोंबत. लॉनवर हसणं चालू होतं. त्याला त्या लोकांबद्दल एक चांगली शिवी आठवून राहिली होती, अगदी तयार, आणि पहिल्यांदा त्याला दिसलं की ती शिवी त्यांच्यासाठी नाही, स्वतःच्या तोंडावर धरायला आहे. पदरासारखी.

"थोडी गेली," तो म्हणाला.

वैभवीचा हात बटणावर थांबला.

"सगळी नाई थुंकली. एक घोट गेला आत. नाई, घोट नाई, अर्धा. पण गेला. मी नेला नाई, गेला. तरी गेलाच."

तिनं बटणावरचा हात खाली घेतला.

"अन् ते फालतू म्हणालो ना, ते खोटं. लय चांगली होती पोरी. मले माहीत नवतं असं होते म्हणून. आता पण तोंडात आहे." त्याचे डोळे भरले. ते धुरानं नव्हे. "आणखी दे म्हणून राहिलं तोंड."

वैभवीनं स्कूटी परत स्टँडवर लावली. खाली उतरली नाही, तशीच बसून राहिली. मग मोबाइल काढून घरचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि त्याच्यापुढं धरला.

"आईला सांगा. आत्ता. माझ्यासमोर."

बेबीताईनं दुसऱ्या घंटीला उचलला. "काय विसरले? तूप तर दिलं मी."

"बेबी, मी आहो."

"हं?"

"मी घेतली."

पलीकडे मटार सोलणं चाललं असावं, दाणे ताटलीत पडत होते टपटप. ते थांबलं.

"किती?"

"तोंडात एक घोट. थुंकला. अर्धा गेला."

एक गाडी गल्लीतून गेली. मग बेबीताई म्हणाली, "कशी होती?"

पुंडलिकनं वैभवीकडं पाहिलं. "चांगली होती."

"चांगली म्हणता?"

"हाव."

"तीस वर्षं पिऊन आले, रोज म्हणाले फालतू होती, पाणी होतं, काही चढलीच नाही. आज पहिल्यांदा चांगली म्हणून राहिले." तिचा आवाज जाड झाला होता. "पोरीला द्या फोन."

वैभवीनं स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला. "हं," ती म्हणाली. "हं. माझ्यासमोरच. नाही. हं. नाही आई, रडून नाही राहिली मी." मग पुष्कळ वेळ नुसतं ऐकलं आणि फोन ठेवला.

"काय म्हणाली?" पुंडलिकनं विचारलं.

"म्हणाली, खोटं बोलले असते तर बॅग मीच भरून दिली असती तुला."

"मंग?"

"मग काय. नऊ वर्षं गेली ती गेलीच. आज पहिला दिवस." तिनं किल्ली काढून मुठीत धरली. "आणि मी जात नाही, पण एक काम तुम्ही करायचं. तिथं जायचं आणि त्या लोकांना सांगायचं, फालतू म्हणालो ते खोटं होतं."

"त्यायले?" पुंडलिकचा चेहरा पडला. "त्या चामडंवाल्याले?"

"त्यालाच आधी."

पुंडलिकला वाटलं, ह्यापेक्षा वर्ध्याला गेलेली बरी होती. वाटलं फक्त, म्हटलं नाही. तो तिच्यामागं लॉनवर आला, आणि आगीवर नजर गेली तशी त्यानं कपाळावर हात मारला. रोडगे! पाऊण तास कोणी फिरवले नव्हते, आणि अनुपमनं मोका पाहून मातीतले ओले तुकडे वेचून पुन्हा निखाऱ्यांवर टाकले होते. पिवळा धूर सगळ्या लॉनवर पसरला होता. रोडगे एका अंगानं कोळसा. अनुपमनं ते स्वतःच चिमट्यानं काढून ताटात वाढले होते, आणि सहाच्या सहा लोक तुपात बुडवून खाऊन राहिले होते.

"काका!" अनुपम ओरडला. "आता आला बघा स्मोक! माइंडब्लोइंग!"

"बार्क आहे याला," गौरांग तोंड भरून म्हणाला. "आय मीन, झाडाची साल."

पुंडलिक टेबलासमोर जाऊन उभा राहिला. दोन्ही हात मागं धरले, हेडमास्तरपुढं उभं राहतात तसे.

"साहेब," तो गौरांगला म्हणाला, "मी ती दारू फालतू म्हणालो ते खोटं होतं. चांगली आहे. ज्यानं आग लावली त्याले आग येते." तो थांबला. पुढचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. "अन् हे रोडगे जळले आहेत. कडू आहेत. खाऊ नका, मी दुसरे लावून देतो."

मग सुखदा सोडून सगळे हसले.

"काका, यही तो बात है!" गौरांग म्हणाला आणि कोळशाचा तुकडा तुपात फिरवून तोंडात टाकला. "आणखी एक द्या."

पुंडलिकनं वैभवीकडं पाहिलं. सांगितलं ना मी? ती गोवऱ्यांचं रिकामं पोतं झटकून घडी घालत होती. तिनं मान हलवली नाही, हसली पण नाही.

"त्यांना पाहिजे तर वाढा," ती म्हणाली. "आणि आधी नळावर जाऊन तोंड धुवा. चांगलं धुवा."